आधी जोडी, मग तिसरा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या सामन्यात प्रत्येक संघाचे 20 खेळाडू तयार होऊन उतरतात. त्यातले 2 गोलरक्षक आणि बहुतेक वेळा 6 बचावपटू. उरलेले 12 फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक, तिघा-तिघांच्या चार लाईन्समध्ये: मधे सेंटर, दोन्ही कडांना विंगर. सामन्याआधी ही चार ओळींची यादी बाहेर आली की चाहत्यांची नजर सगळ्यात वरच्या ओळीवर जाते, तिथे संघाची मोठी नावं असतात. माझं मत असं आहे की प्रशिक्षकाचं खरं डोकं त्या यादीत दिसतं ते तिसऱ्या नावांच्या निवडीत. प्रत्येक ओळीत दोन खेळाडू एकमेकांसाठी निवडलेले असतात आणि तिसरा त्या दोघांसाठी. हे लक्षात आलं की एरवी विचित्र वाटणारे अनेक निर्णय समजायला लागतात.

मुळात लाईन लागते कशाला? बर्फावर पूर्ण जोर लावून माणूस पाऊण मिनिटाच्या वर टिकत नाही. चांगली शिफ्ट, म्हणजे एका वेळचा बर्फावरचा खेळ, 40 ते 45 सेकंदांची, त्यानंतर पाय जड होतात आणि चुका सुरू होतात. म्हणून खेळ न थांबवता, चालू खेळातच तिघं बाहेर येतात आणि ताजे तिघं आत जातात. 60 मिनिटांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे, गोलरक्षक सोडून, पाच-पाच खेळाडू मैदानात असण्याचा वेळ साधारण 48 मिनिटं धरा. त्यातली पहिल्या लाईनला 14 मिनिटं, दुसरीला 13, तिसरीला 12 आणि चौथीला 9 अशी काहीतरी वाटणी होते. कोणाला कोणाबरोबर खेळवायचं, या प्रश्नाला वजन येतं ते इथे. एखाद्याच्या पासची वेळ, त्याचा वेग, तो कुठल्या कोपऱ्यात वळतो हे ओळखायला एका रात्रीत जेमतेम डझनभर मिनिटं मिळतात, तीही तुकड्या-तुकड्यांनी.

जोडीचा इतिहास बघा. 1980च्या दशकातल्या एडमंटन ऑइलर्समध्ये वेन ग्रेट्झ्की आणि यारी कुर्री वर्षानुवर्षं एकत्र राहिले, त्यांच्या डाव्या बाजूचा माणूस मात्र बदलत गेला. बॉस्टन ब्रुइन्सचे पॅट्रिस बर्जरॉन आणि ब्रॅड मार्शँड यांचंही तेच. 2011 साली स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकताना त्यांच्या उजवीकडे चाळिशी ओलांडलेला मार्क रेकी होता, पुढे टायलर सेगिन आला, मग राइली स्मिथ, आणि शेवटी डेव्हिड पास्तर्नाक. व्हँकूव्हरचे सेडीन बंधू तर जुळेच, त्यामुळे जोडी आपोआप ठरलेली. प्रश्न एवढाच होता की त्यांच्याबरोबर कोण. उत्तर मिळालं अलेक्झांडर बरोजमध्ये. संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला, खालच्या लीगमधून चढत आलेला खेळाडू. 2009-10च्या हंगामात त्याने 35 गोल केले. त्याच वर्षी हेन्रिक सेडीन लीगमध्ये सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवणारा ठरला, आणि पुढच्या वर्षी तो मान डॅनिएलला मिळाला.

बरोजचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. संघात त्याच्याहून हात चांगले असलेले विंगर होते. पण सेडीन बंधू पक (खेळातली चपटी रबरी चकती) आपल्याकडे ठेवून कोपऱ्यात फिरवत राहायचे, एकमेकांना न बघता पास द्यायचे. त्यांना पक मागणारा तिसरा नको होता. गोलसमोर जाऊन उभा राहणारा, हरवलेला पक खणून परत आणणारा आणि त्यांच्या लयीत दोन पावलं मागेपुढे होण्याचं भान असणारा माणूस हवा होता.

तर कागदावर चार लाईन्स मांडताना क्रम असा असावा. आधी चार सेंटर उभे लिहा, कारण बचावात सर्वात खाली उतरून बचावपटूंना हात देणं, फेसऑफ घेणं (म्हणजे खेळ सुरू करताना पंचाने टाकलेल्या पकसाठी समोरच्याशी झगडणं) आणि पक मधल्या भागातून वर आणणं ही कामं त्यांच्याकडे असतात. सेंटर कच्चा असेल तर दोन उत्तम विंगरही त्या लाईनला वाचवू शकत नाहीत. मग प्रत्येक सेंटरसमोर त्याचा जोडीदार लिहा. इथे पाहायचं ते हे की पक कोणाजवळ राहणार. सेंटर स्वतः वेगाने पक घेऊन, प्रतिस्पर्ध्याचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा ओलांडणारा असेल तर जोडीदाराला मोकळी जागा शोधण्याची आणि पटकन नेम धरण्याची सवय हवी. सेंटर आधी पास शोधणारा असेल तर जोडीदार सरळ नेमबाजच हवा. निकलास बॅकस्ट्रॉम आणि अलेक्झांडर ओवेचकिन वॉशिंग्टनमध्ये इतकी वर्षं जमले याचं मूळ यात आहे.

दोघंही पासच शोधणारे असले की काय होतं ते डोळ्यांना लगेच दिसतं. पक सुंदर फिरतो, प्रेक्षक खूश होतात आणि शिफ्ट संपते तेव्हा गोलवर एकही फटका गेलेला नसतो. दोघंही पक घेऊन धावणारे असले तर पहिला निळी रेषा ओलांडतो, दुसरा त्याच्याच गल्लीत घुसतो आणि दोघांना मिळून एकच बचावपटू पुरतो. दोघं नेमबाज असले तर दोघंही फटक्याच्या जागी जाऊन उभे राहतात, आणि पक त्यांच्यापर्यंत आणणारं कोणी उरत नाही.

तिसरं नाव सर्वात शेवटी, आणि ते ठरवताना विचारायचं की या दोघांना काय येत नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं, कोपऱ्यातून पक परत मिळवणं. प्रतिस्पर्ध्याच्या भागात दबाव टाकताना पहिला माणूस थेट पकवाल्यावर जातो, दुसरा त्याच्या पासची वाट अडवतो आणि तिसरा वर थांबतो, म्हणजे पक हातचा गेला तरी समोरच्या संघाला सरळ धावत सुटता येत नाही. नियमाने या जागा कोणाच्या नावावर नसतात, जो आधी पोहोचला तो पहिला. पण प्रत्यक्षात प्रत्येक लाईनमध्ये एक जण असा लागतो की जो आनंदाने पहिला होतो, अंगावर धक्के घेतो आणि तरी पुढच्या शिफ्टला पुन्हा तसाच जातो. ज्या लाईनमध्ये तिघंही वर थांबायला बघतात, ती लाईन आकड्यांत महिनाभर चांगली दिसेल, पण प्लेऑफमध्ये चौथ्या सामन्यापर्यंत तिच्याकडे पकच येईनासा होतो.

आता डावं-उजवं. स्टिकचं पातं शरीराच्या डावीकडे ठेवून खेळणारा लेफ्ट शॉट, उजवीकडे ठेवणारा राइट शॉट. डाव्या बाजूला लेफ्ट शॉट विंगर असेल तर आपल्या भागातून बाहेर पडताना कडेच्या फळीला घासत आलेला पक तो फोरहँडवर घेतो आणि लगेच मधे सेंटरला देतो. तिथेच राइट शॉट विंगर असेल तर तोच पक बॅकहँडवर घ्यावा लागतो, अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात समोरचा बचावपटू त्याला फळीवर दाबतो. मग उलट बाजूला का खेळवायचं? कारण आक्रमणात त्याचं पातं मैदानाच्या मध्याकडे असतं. गोलचा कोन मोठा मिळतो आणि पलीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. ओवेचकिन राइट शॉट असून डावीकडे खेळतो ते यासाठी. 2025च्या एप्रिलमध्ये त्याने ग्रेट्झ्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला, त्यातले कितीतरी गोल डावीकडच्या फेसऑफच्या वर्तुळातून असेच थेट मारलेले. माझा कल असा की दोन्ही विंगर उलट बाजूला असलेली लाईन आपल्या भागातल्या फेसऑफला शक्यतो पाठवू नये. तिला समोरच्या भागात सुरुवात द्यावी.

फेसऑफचाही हाच हिशेब. लेफ्ट शॉट सेंटरला डाव्या वर्तुळात पक बॅकहँडने फळीच्या बाजूला ओढता येतो, राइट शॉटला उजव्या वर्तुळात. म्हणून एका लाईनमध्ये विंगरही फेसऑफ घेणारा आणि सेंटरच्या उलट शॉटचा असला, तर दोन्ही वर्तुळांची सोय होते. शिवाय पंचाने सेंटरला वर्तुळातून बाहेर काढलं तरी अडत नाही.

एक शिफ्ट जवळून पाहू. आपल्या भागात डाव्या वर्तुळात फेसऑफ आहे. सेंटर पक मागे ओढतो, बचावपटू तो गोलमागे नेतो. डावा विंगर फळीला पाठ न लावता तिरका उभा राहतो, म्हणजे त्याला पकही दिसतो आणि मधून येणारा सेंटरही. उजवा विंगर आधीच मध्याकडे सरकलेला, मैदानाच्या मधोमधच्या लाल रेषेच्या दिशेने. पक फळीवरून डाव्या विंगरकडे येतो, त्याच्यावर बचावपटू झेपावतो, तो एका स्पर्शात पक सेंटरच्या पात्यावर टेकवतो. आठ-नऊ सेकंद झाली. सेंटर मधल्या भागात वेग घेतो, उजवा विंगर रुंद जातो आणि एका बचावपटूला सोबत ओढून नेतो. निळ्या रेषेवर समोर दोघं उभे आहेत. इथे सेंटरला ठरवायचं असतं, घेऊन आत जायचं की पक कोपऱ्यात टाकून मागे धावायचं. तो टाकतो. उजवा विंगर पहिला पोहोचतो, खांदा लावतो, पक सुटतो, सेंटर तो उचलतो. डावा विंगर उशिरा येऊन वर, मोकळ्या जागेत थांबलेला असतो. पास, फटका, गोलरक्षकाने अडवलेला पक, दुसरा फटका. 35 सेकंद. आता लगेच बाहेर. टाळ्या फटक्याला मिळाल्या, पण लाईन जमली आहे की नाही ते कळलं आधीच्या दोन ठिकाणी: डाव्या विंगरला मान न वळवता सेंटर कुठे असेल हे माहीत होतं, आणि उजव्याने पक टाकला जाणार हे ओळखून आधीच पाय उचलले होते.

लाईन कोणाविरुद्ध खेळणार, हा पुढचा मुद्दा. खेळ थांबल्यावर पाहुण्या संघाला आधी खेळाडू बदलावे लागतात, यजमानाला नंतर. म्हणजे घरच्या मैदानावर प्रशिक्षक समोरची लाईन बघून आपली लाईन पाठवू शकतो. बाहेर खेळताना ही सोय नसते, तेव्हा चालू खेळात लवकर बदल करून हवी ती जोड मिळवावी लागते. याचं सर्वात देखणं उदाहरण 1997च्या अंतिम मालिकेतलं. फिलाडेल्फियाची एरिक लिंड्रोस, जॉन लेक्लेअर आणि मिकाएल रेनबर्ग यांची लाईन आकाराने आणि ताकदीने सगळ्यांना चिरडत आली होती. डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्यांच्यासमोर आडदांड व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्हला उभं करतील अशी सर्वांची अटकळ होती. बोमननी निकलास लिड्स्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही शांत, पक नीट बाहेर काढणारी बचाव जोडी लावली. धक्क्याला धक्का देण्याऐवजी पक मिळताच तो तिथून काढायचा. डेट्रॉइटने मालिका 4-0 जिंकली, आणि लिंड्रोसचा एकमेव गोल चौथ्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटात आला. लाईन निवडताना तिच्या मागे कोणते दोन बचावपटू असतील हेही ठरवावं लागतं, ते या मालिकेइतकं स्पष्ट क्वचित दिसतं.

तिसऱ्या लाईनबद्दल थोडं अधिक, कारण पूर्वीसारखी ती आता बचावापुरती ठेवून चालत नाही. 2016 साली पिट्सबर्गकडे सिडनी क्रॉस्बी आणि एवगेनी मॅल्किन असे दोन सेंटर होते, पण कप जिंकण्यात तिसऱ्या लाईनचा वाटा प्रचंड होता. कार्ल हॅगेलिन, निक बोनिनो, फिल केसल. तिघंही त्याच हंगामात नव्याने संघात आलेले. मार्चमध्ये मॅल्किन जखमी झाला तेव्हा ते एकत्र आले, आणि तो परतल्यावरही त्यांना तोडलं नाही. हॅगेलिनचा वेग बचावपटूंना मागे ढकलायचा, त्यामुळे केसलला निळ्या रेषेच्या आत हात मोकळे मिळायचे, बोनिनो दोघांच्या मागे राहून रचना सांभाळायचा. प्लेऑफमध्ये तिघांनी मिळून 20 गोल केले आणि केसल संघात सर्वाधिक 22 गुणांवर होता. समोरच्या संघाने उत्तम बचाव जोडी क्रॉस्बीवर लावायची की मॅल्किनवर, हे ठरवेपर्यंत ही तिसरी लाईन तिसऱ्या बचाव जोडीसमोर उतरायची.

याच्या उलट टोकाला एडमंटनचा कायमचा पेच. कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्राइसाइटल एकाच लाईनमध्ये की वेगळे? एकत्र असताना त्यांना थांबवणं जवळपास अशक्य, पण मग सामन्यातली उरलेली पस्तीसेक मिनिटं कोण खेळणार? 2025-26मध्ये संघाची पगारमर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर, आणि त्यातले 2 कोटी 65 लाख या दोघांचे, म्हणजे चौथाईहून जास्त. बाकीच्या लाईन्स स्वस्तात भराव्या लागतात. मला पटणारा मार्ग असा की सुरुवात वेगळी करावी आणि मागे पडल्यावर किंवा तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये गरज लागली की एकत्र आणावं. पहिल्या मिनिटापासून एकत्र ठेवलं तर समोरच्या प्रशिक्षकाचं काम सोपं होतं, त्याला एकाच लाईनवर लक्ष ठेवायचं असतं.

चौथी लाईन थोडक्यात: कमी मिनिटं, शक्यतो आपल्या भागातून सुरुवात, तिघांपैकी दोघं तरी दंडाच्या वेळी, म्हणजे आपला एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना, उरलेल्या चार जणांत खेळणारे. काही प्रशिक्षक 11 फॉरवर्ड आणि 7 बचावपटू उतरवतात, टँपा बेमध्ये जॉन कूपर यांनी हे बरेचदा केलं आहे. मग चौथ्या लाईनला तिसरा माणूसच नसतो आणि तिथे दर वेळी वरच्या लाईनमधला एखादा जाऊन खेळतो. तारांकित विंगरला दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. पण एक फॉरवर्ड जखमी झाला की उरलेल्या दहांचे हाल होतात.

आता सर्वात सर्रास होणारी चूक: लाईन्स फार लवकर मोडणं. दोन सामन्यांत गोल नाही झाला की चारही ओळी ढवळल्या जातात. साधा हिशेब करू. एक लाईन 12 मिनिटं खेळते, 10 सामन्यांत 120 मिनिटं. पाच-विरुद्ध-पाच खेळात 60 मिनिटांना संघाचे साधारण अडीच गोल होतात, म्हणजे या लाईनकडून 10 सामन्यांत पाचेक गोलांची अपेक्षा. गोलवर जाणाऱ्या फटक्यांपैकी 8-9 टक्केच आत जातात. दोन फटके खांबाला लागले तर पाचाचे तीन, आणि वर्तमानपत्रात लाईन आटली अशी बातमी. म्हणून गोलांकडे बघू नये, मारलेल्या सगळ्या फटक्यांचं प्रमाण बघावं, अडवलेले आणि बाहेर गेलेलेही धरून. 120 मिनिटांत ते दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या पुढे जातात, तेवढ्यावर काहीतरी बोलता येतं. फटके कुठून मारले हेही बघावं, कारण गोलसमोरून एक आणि निळ्या रेषेजवळून एक हे सारखे नाहीत. आणि मग बघावं की हेच खेळाडू एकमेकांशिवाय खेळतात तेव्हा आकडे कसे असतात. जोडीतल्या एकाचे आकडे दुसऱ्याशिवाय कोसळत असतील आणि दुसऱ्याचे टिकत असतील, तर लाईन कोण ओढतोय ते कळलं.

फटक्यांचं प्रमाण चांगलं असेल तर लाईन तशीच ठेवावी, गोल येतील. प्रमाणच वाईट असेल तर बदल करावा, पण तिसरा माणूस बदलावा, जोडीला हात लावू नये. तिघंही एकदम बदलले तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

सामना चालू असताना लाईन्स आपोआपही विस्कटतात. आपल्या एका खेळाडूला दोन मिनिटांचा दंड झाला की चार जणांत खेळणारे फॉरवर्ड वेगवेगळ्या लाईन्समधून येतात, दंड संपतो तेव्हा पहिल्या लाईनचा सेंटर दमलेला आणि त्याचे विंगर थंड बसलेले असतात. यासाठी दंडानंतर कोणते तिघं जाणार हे आधी ठरलेलं हवं, आणि ते शक्यतो दंडात न खेळलेल्यांतले. दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात आणि आपला बचावाचा भाग बाकापासून दूर जातो, तेव्हा पक समोरच्या कोपऱ्यात गेल्याशिवाय लाईन बदलायची नाही. हे न पाळणाऱ्या लाईन्स आपल्याच भागात मिनिट-दीड मिनिट अडकतात, शेवटी थकून पक पार पलीकडे भिरकावतात, आयसिंग होतं, आणि 2005-06पासूनच्या नियमाप्रमाणे आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. समोरून मात्र ताजी पहिली लाईन येते. बाकावर हाक दिली जाते ती बहुधा सेंटरच्या नावाने. विंगर ती ऐकून उभे राहतात. लाईन्स ढवळलेल्या दिवशी कोण कोणाबरोबर हा गोंधळ झाला की सहा जण बर्फावर सापडतात आणि आणखी दोन मिनिटांचा दंड बसतो.

आणि शेवटची दोन-तीन मिनिटं, एका गोलाने मागे असताना. गोलरक्षक बाहेर, सहावा आक्रमक आत. इथे लाईन्स संपतात, जोड्या उरतात. पहिली जोडी आणि दुसरी जोडी एकत्र, सोबत एक गोलसमोर उभा राहणारा, मागे एकच बचावपटू. दोन फेसऑफ घेणारे हवेत, एक लेफ्ट शॉट आणि एक राइट शॉट. हे सहा जण सामन्याआधीच लिहून ठेवावेत आणि सरावात आठवड्यातून एकदा तरी एकत्र खेळवावेत. शिवाय शेवटच्या साडेचार-पाच मिनिटांच्या आसपास चौथ्या लाईनला एक शिफ्ट द्यावी, मन कितीही नको म्हणत असलं तरी, म्हणजे हे सहा जण ताजे राहतात. टाइमआऊट प्रत्येक संघाला सामन्यात एकच, 30 सेकंदांचा, आणि आपण आयसिंग केल्यावर तो घेताही येत नाही. त्यामुळे दमलेल्या सहा जणांना वाचवायला तो उपयोगी पडेल या भरवशावर राहू नये. तो ठेवावा समोरच्या भागातल्या फेसऑफसाठी.